मोठी आई अल-उलाच्या वाळूत

नांदेड

आमच्या कॉलेजकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका ट्रॅव्हल एजंटचं दुकान आहे. मी नांदेडला नोकरीला लागले तेव्हा त्याच्या काचेवर एकच कागद असायचा : सौदीसाठी वेल्डर, ड्रायव्हर, एसी मेकॅनिक पाहिजेत. त्यावरच खाली हज आणि उमऱ्याची माहिती. आमच्या भागातून अरबस्तानात जायचं ते याच दोन कारणांनी. अलीकडं त्या काचेवर एक मोठं चित्र लागलं. लाल खडक, खडकाच्या पायथ्याशी गालिचा, आणि गालिच्यावर चहाचा पेला घेऊन बसलेली एक बाई. ती काम करत नव्हती, प्रार्थना करत नव्हती. नुसती बसली होती. ऑटोतून येता-जाता मी तिच्याकडं बघायचे.

आमच्या घरात नुसतं बघायला म्हणून कुणी कुठं गेलेलं नाही. लग्न, दवाखाना, परीक्षा, देव, यांपैकी काहीतरी असलं तरच बॅग भरली जाते. म्हणून लातूरला घरी गेल्यावर मी त्या चित्रातल्या सौदीच्या गावाचं, अल-उलाचं नाव काढलं तेव्हा पप्पांनी आधी विचारलं, "कॉन्फरन्स आहे का?"

"नाही. फिरायला."

"कुणासोबत?"

मला एकटीनं जायचं होतं. पण ते मोठ्यानं म्हणायला मला जमलं नाही, आणि मी गप्प राहिले की घरातले लोक आपापलं उत्तर ठरवून टाकतात. एकटी नको, असं ठरलंच होतं, तेवढ्यात मोठी आई म्हणाली, "मी जाते हिच्यासंगं."

मोठी आई म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको. राहते उदगीरला. काकांचं डाळीचं दुकान आता मुलं बघतात. साठी उलटलेली, साखरेचा त्रास आहे, गोळ्या चालू आहेत. ती त्या दिवशी सहज लातूरला आली होती आणि कुणाचं लक्ष नसताना सगळं ऐकत बसली होती.

"तुम्ही तिथं काय बघणार, वहिनी?" पप्पा म्हणाले.

"काय हाय ते बघणार. मोबाइलमधी लई बघितलंय. वाळूवरून लोक घसरायलेत नुसते."

त्यानंतर महिनाभर नातेवाइकांचे सल्ले आले. डोकं झाका, हसू नका, फोटो काढू नका. पण सगळ्यांचा सूर एका गोष्टीवर येऊन थांबायचा : मोठ्या आईच्या गळ्यातलं लिंग. आम्ही लिंगायत. दीक्षेच्या वेळी गुरूनं दिलेलं इष्टलिंग आयुष्यभर अंगावर ठेवायचं, रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची, मग खायचं. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांची लिंगं देवघरात असतात, माझंही. मोठी आई मात्र चांदीच्या डबीत घालून ते कायम गळ्यात वागवते. "तिकडं देव चालत न्हाई," लोक सांगायचे, "विमानतळावर मशीन वाजलं की डबी उघडा म्हणतील, काढून घेतील."

मोठ्या आईनं वाद घातला नाही. निघायच्या आदल्या दिवशी तिनं डबी देवघरात ठेवली आणि लिंग पांढऱ्या कापडात बांधून दोऱ्यानं गळ्यात घातलं. "माझी सासू असंच बांधायची. तिच्याजवळ कुठली चांदी?"

विमानतळावर कुणी काही विचारलं नाही. पासपोर्टवर शिक्का मारणाऱ्या, काळ्या बुरख्यातल्या मुलीनं मोठ्या आईच्या नाकातल्या नथणीकडं बघून छान आहे अशी खूण केली, एवढंच.

जुनं गाव

अल-उला हे वाळवंटातलं गाव आहे, पण पहिल्यांदा नजरेत भरतो तो हिरवा रंग. दोन्ही बाजूंना तांबडे कडे, आणि मधल्या खोलगट पट्ट्यात खजुरीची दाट बाग. झाडांखाली संत्र्या-लिंबांची झाडं, त्यांच्याखाली भाजी. जानेवारीचा महिना होता. सकाळी शाल लागायची.

आमचा वाटाड्या सालेम. तिथलाच, बदू म्हणजे वाळवंटात उंट घेऊन हिंडणाऱ्यांच्या घराण्यातला, तिशीचा असेल. पांढरा पायघोळ सदरा, डोक्यावर लाल चौकटींचा रुमाल, आणि इंग्रजी असं की मला माझी शाळा आठवावी. त्याचं इंग्रजी मी मोठ्या आईला मराठीत सांगायचे आणि तिचं मराठी त्याला इंग्रजीत. अनोळखी माणसांशी मला फारसं बोलता येत नाही. दुसऱ्याचं बोलणं पोचवायचं असलं की येतं, हे मला तिथं कळलं.

जुन्या गावात मातीची आणि दगडांची घरं एकमेकांना इतकी चिकटून आहेत की गल्ल्यांवर छप्परच झालंय. आता तिथं कुणी राहत नाही. खालच्या गल्लीत अत्तराची आणि कॉफीची दुकानं आहेत, वर रिकाम्या खोल्या. सालेमनं एक मातीचा उंचवटा दाखवला. त्याची सावली एका ठरावीक दगडाला टेकली की थंडीतल्या पेरणीची वेळ झाली असं धरायचे, आणि बागांना पाणी कुणी कधी घ्यायचं तेही सावलीवरनं ठरायचं.

मोठी आई तिथं सगळ्यांत जास्त वेळ उभी राहिली. "पाळी चुकवली कुणी तर?"

सालेम हसला. "भांडणं व्हायची. पाण्यावरून आमच्याकडं लग्नंसुद्धा मोडलीत."

"सांग त्याला," ती मला म्हणाली, "आमच्या लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं."

मी सांगितलं. त्याला वाटलं मी चुकीचा शब्द वापरला. त्यानं दोनदा विचारून घेतलं, "ट्रेन?"

जेवणाची अडचण होईल असं वाटलं होतं, पण तशी झाली नाही. आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर आधी लोकांना आमची काळजी वाटायची, मग ते कुठून तरी शिजवलेल्या शेंगदाण्याएवढ्या वालांची वाटी, गरम रोटी, ताक आणि खजूर आणून ठेवायचे. दुकानातही आधी बसवायचे. वेलदोडा घातलेली फिकट कॉफी कानाच्या पाळीएवढ्या कपात ओतायचे, आणि कप हलवून पुरे म्हणेपर्यंत ओतत राहायचे. हे ठाऊक नसल्यानं मोठी आई पहिल्या दुकानात बरीच कॉफी प्यायली. "कडू हाय, पण नको कसं म्हणायचं? पाहुण्यानं नको म्हणलं तर आपल्याला कसं वाटतं?"

हेग्रा

दुसऱ्या दिवशी हेग्राला, गावाबाहेरचे दोन हजार वर्षांपूर्वीचे अवशेष बघायला गेलो. सपाट वाळूत सुटे उभे खडक, आणि त्या खडकांवर कोरलेल्या थडग्यांच्या दर्शनी भिंती. खांब, पायऱ्यांची नक्षी, दारावर गरुड. मी कॉलेजात स्थापत्य शिकवते. आमच्या औशाजवळची खरोसा लेणी मी मुलांना दरवर्षी दाखवायला नेते. खरोशाला बाहेरून काही दिसत नाही, आत शिरल्यावर देव भेटतात. इथं उलट आहे. बाहेर राजवाडा, आणि दारातून डोकावलं तर प्रेतं ठेवायचे कोनाडे असलेली एक छोटी, रिकामी खोली.

"म्हंजे थडगंच हाय की," मोठी आई म्हणाली. "थडगं बघायला तिकीट?"

"ताजमहाल काय आहे मग?"

"मी कुठं बघितलाय ताजमहाल?"

हे तिनं मला टोमणा म्हणून नाही, माहिती म्हणून सांगितलं.

सालेमचे आजोबा या जागेत कधी थांबायचे नाहीत. इथल्या लोकांवर देवाचा कोप झाला होता अशी समजूत, त्यामुळं इथून जाताना उंट घाईनं हाकायचे. "मी लहानपणी इकडं बघायचंसुद्धा टाळायचो," तो म्हणाला. "आता इथंच माझी नोकरी आहे. वडील अजून विचारतात, ही माणसं एवढ्या लांबून काय बघायला येतात?"

"तुम्ही काय सांगता?"

"मी सांगतो, मलाही माहीत नाही. पण आली की त्यांना चांगलं वागवायचं."

परत येताना गाडीत मी ते मोठ्या आईला सांगितलं. ती खिडकीतून बघत होती. "त्याच्या बापाला म्हणावं, आम्हालाबी घरी हेच विचारायलेत."

वाळूची दरी

तिसऱ्या दिवशीची सहल दरीत होती. खडकांच्या कुशीत वाऱ्यानं वाळूचे उतार रचून ठेवलेत, पिठासारखे मऊ. एका कड्याच्या सावलीत मंडप टाकला होता, गालिचे होते, आणि चूल मांडून बसलेला स्वयंपाकी होता. त्यानं मोठ्या आईला मराठीत बोलताना ऐकलं आणि हातातला चमचा तसाच धरून पुढं आला.

"कौनसे गाँव के, अम्मा?"

"उदगीर."

"अरे बापरे. मैं देगलूर का." त्याचं नाव मकबूलभाई. अरबस्तानात येऊन त्याचे केस पिकले होते, बोली मात्र देगलूरची तशीच होती. "हमारे लोगां इधर काम कू आते. तुम घूमने कू आए? उदगीर से?"

"का रे, उदगीरच्या माणसानं फिरू न्हाई?"

"फिरो ना अम्मा. मेरेकू खुशी हुई. मेरे घरवाली कू बोलतूं, देख, अम्मा आई, तू नै आती."

उतारावर दोन-तीन कुटुंबं घसरत होती. मोठ्या आईनं साडीखाली माझी ट्रॅक पँट घातली होती, ती कशासाठी ते तेव्हा कळलं. वर चढायला तिला बराच वेळ लागला. माथ्यावर ती बसली, पदर खोचला, आणि खाली आली. मध्यावर तोंडातून एक आवाज निघाला, तो मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. खाली येऊन ती उताणी पडून हसत राहिली. मग म्हणाली, "अजून एकदा." तिसऱ्यांदा खाली आल्यावर तिनं उभं राहून साडी झाडली, चपला झाडल्या, आणि आम्ही मंडपात आलो. हात धुताना तिचा हात सवयीनं गळ्याशी गेला आणि तिथंच राहिला.

"श्रुते," ती हळू म्हणाली, "लिंग न्हाई."

दोरा गळ्याशी पदरात अडकून होता, तुटलेला. वाळूनं आणि घामानं विरला असावा. डबी असती तर चांदीच्या कडीत साखळी असती, ती अशी तुटली नसती. आम्ही दोघी उतारापर्यंत परत गेलो, गुडघ्यांवर बसून हातांनी वाळू चाळली. वर-खाली माणसांची पावलं आणि घसरणीच्या खुणा एकमेकांवर पडल्या होत्या. काही सापडलं नाही. मोठी आई मंडपात येऊन बसली. मकबूलभाईनं भात वाढायला घेतला तेव्हा तिनं हातानंच नको म्हटलं.

"आपल्यात लिंग गेलं की जेवत न्हाईत," ती मला म्हणाली. "तू जेव."

"कधीपर्यंत?"

"सापडंपर्यंत. न्हाईतर गुरू दुसरं देईपर्यंत."

आमचं परतीचं विमान तीन दिवसांनी होतं. तिच्या साखरेच्या गोळ्या जेवणाला जोडून असतात. हे मी तिला सांगितलं, आणि सांगताना मला माहीत होतं की तिला हे माझ्याहून आधी कळलंय. ती रागावली नव्हती, रडतही नव्हती.

"मला कुणी बोलावलं होतं का हितं?" ती म्हणाली. "देवाला जायचं सोडून घसरगुंडी खेळायला आले. ह्या वयात."

तिचं म्हणणं मला खोटं वाटत होतं, पण ते खोटं आहे हे मी तिला कुठल्या शब्दांत सांगणार होते? काचेवरचं ते नुसतं बसलेल्या बाईचं चित्र मी बघितलं होतं, तिनं नव्हे.

सालेम जवळ आला. काय हरवलं, त्यानं विचारलं. मी म्हटलं, गळ्यातली एक वस्तू, जुनी, घरातली.

"सोन्याची?"

"नाही."

"मग तिला सांगा, वाईट वाटून घेऊ नका. बाजारात तसंच दुसरं मिळेल. मी स्वतः घेऊन देतो."

तो मनापासून बोलत होता. मला तिथून निघून जावंसं वाटलं. आयुष्यभर मी माझ्या घरातलं काही बाहेर सांगितलेलं नाही. शाळेत असतानाही डब्यात काय आहे विचारलं तर झाकण लावायचे. आणि इथं मला सौदीतल्या एका माणसाला सांगायचं होतं की त्याच्या वाळूत आमचा देव पडलाय. नातेवाइकांचे सगळे सल्ले डोक्यात एकदम आले. मागं वळून बघितलं तर मोठी आई दोरा बोटाभोवती गुंडाळत बसली होती.

"ते विकत मिळत नाही," मी म्हटलं. "पांढऱ्या कापडात बांधलेला एक लहान काळा गोळा आहे. तिच्या गुरूनं दिलेला. ती रोज त्याची पूजा करते. तो सापडेपर्यंत ती जेवणार नाही."

तो माझ्याकडं बघत नव्हता, कड्याकडं बघत होता. "दगड आहे?"

"आत दगड आहे."

"तिचा देव?"

"हो."

त्यानं वळून मोठ्या आईकडं बघितलं. मग म्हणाला, "ती पाणी पिते का?"

"नाही."

"जेवणारच नाही?"

"नाही."

"मग आधी ते शोधू या," तो म्हणाला, आणि मकबूलभाईला अरबीत हाक मारली.

मकबूलभाईला सगळं मी सांगण्याआधीच समजलं होतं. देगलूरला त्याच्या शेजारी लिंगायतांचीच घरं होती. तो पीठ चाळायची चाळणी घेऊन आला. "कल आटा कायमें छानूं? अरबी रेती की रोटी खाव बोलूं क्या लोगां कू?" असं बडबडत त्यानं उताराच्या एका कडेनं चाळायला सुरुवात केली. मी मधून. घसरणाऱ्या कुटुंबांना सालेमनं जाऊन काहीतरी सांगितलं आणि ती माणसं दुसऱ्या उताराकडं गेली. काय सांगितलं ते मी विचारलं नाही. मग वारा सुटला. वाळूची एक पातळ चादर जमिनीसरशी सरकायला लागली, आणि आमची स्वतःची पावलंसुद्धा बुजताना दिसायला लागली. मला आशा नव्हती. विमान आधीचं मिळेल का, याचा मी मनात हिशेब करत होते.

सालेमनं लांबून हाक मारली. तो उताराच्या पायथ्याशी, मोठ्या आईनं साडी झाडली होती तिथं उभा होता. आमच्याकडं आला नाही, हातही हलवला नाही. वाऱ्याकडं पाठ करून, पाय फाकवून, सदऱ्याचा घोळ दोन्ही हातांनी पसरून तो उभा राहिला होता. जवळ गेल्यावर दिसलं, त्याच्या पायांपुढं वाळूतून पांढऱ्या कापडाचं टोक वर आलं होतं. वारा अडवला नसता तर ते पुन्हा झाकलं गेलं असतं.

"मी हात लावलेला नाही," तो म्हणाला. "तिला बोलवा."

मोठी आई आली. एवढ्या वाळूतून ती कधी नव्हे इतकी भराभर चालली. खाली बसली, कापड उचललं, कपाळाला लावलं. सालेम तोंड फिरवून उभा होता, तसाच वारा अडवत.

त्यानं हात का लावला नाही, यावर मी नंतर खूप विचार केला. दुसऱ्याच्या देवाला हात लावायचा नसतो म्हणून, की मूर्तीला हात लावणं त्याच्या धर्मात बसत नाही म्हणून? दोन्ही असेल. त्याला विचारायचं माझं धाडस झालं नाही, आणि आता वाटतं, विचारलं नाही ते बरं.

लिंग जमिनीवर पडलं होतं, म्हणून ते तसंच गळ्यात घालता येतं का, हे मोठ्या आईला विचारायचं होतं. कड्याजवळ मोबाइलला रेंज होती. तिनं उदगीरच्या मठात फोन लावला. तिला हातात लिंग धरायचं होतं, म्हणून फोनचा आवाज मोठा करून मी तो तिच्या तोंडाशी धरला.

"कापड सुटलं होतं का?" स्वामीजींनी विचारलं.

"न्हाई, गाठ तशीच हाय."

"कुणाचा हात लागला?"

"न्हाई. एकजण राखण करत उभा होता. हात न्हाई लावला त्यानं."

"मग धू, विभूती लाव आणि धारण कर. आल्यावर मठात ये, बघू. घाबरू नको."

"स्वामीजी, मी खेळायला गेल्ते वाळूत. म्हणून तर न्हाई ना झालं?"

तिकडून जरा हसल्यासारखा आवाज आला. "दोरा जुना असंल. कोण होता राखण करणारा?"

"हितलाच हाय. मुसलमान. आम्हाला फिरवायलाय."

स्वामीजींनी विचारलं, "जेवला का तो?"

मोठ्या आईनं माझ्याकडं बघितलं. आम्हाला दोघींनाही माहीत नव्हतं. मी मकबूलभाईकडं बघितलं.

"कायका जेवला," तो म्हणाला. "मेहमान भुका, तो उनो कैसा खाता? मेरेकू बी खाने नै दिया."

"अगं मग त्याला आधी वाढ," स्वामीजी म्हणाले आणि फोन ठेवला.

मोठी आई खडकाआड गेली. बाटलीतल्या पाण्यानं तिनं लिंग धुतलं, पूजा केली, माझ्या ओढणीची किनार फाडून नवा दोरा केला. परत आली ती तिच्या पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढूनच. मकबूलभाईचा भात मधे ठेवला, खजूर ठेवले. एक अख्खी भाकरी तिनं सालेमपुढं ठेवली, त्यावर चटणी वाढली आणि म्हणाली, "घे."

सालेमनं भाकरी हातात घेऊन ठोकून बघितली, खापरासारखी वाजली. त्यानं ती परत ठेवली आणि हातानं तिच्याकडं खूण केली : आधी तुम्ही.

"न्हाई, आधी तू."

मी दोन्ही बाजूंनी सांगितलं. तो म्हणाला, पाहुण्याआधी यजमान खात नाही. ती म्हणाली, हितं भाकरी माझी हाय, म्हंजे पाहुणा तो. तेही मी सांगितलं. त्यानं मान हलवली. दोघंही मांडीवर हात ठेवून एकमेकांकडं बघत बसले, आणि भाताची वाफ वाऱ्यानं मंडपाबाहेर जात राहिली.

मकबूलभाईनं दोघांकडं एकदा बघितलं, भाकरीचा कडेचा तुकडा मोडला आणि चटणीत बुडवला.

"ये दोनों बैठने दो ऐसेइच," तो मला म्हणाला. "मैं तो खारूं, बावा."